भाऊजींची सायकल आणि माझा नाका

भाऊजी, परवा तुमची तेरवी झाली. पंगतीला शे-दीडशे माणूस होतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली, की तुम्हाला सायकलनं खाल्लं. "चोपन्न वर्साचा मानूस. त्यानं घरी आरामात राहावं का सायकल हानत फिरावं?" असं म्हणून वर आणखी बुंदी मागितली. मी हौ हौ करत होतो आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहत होतो. कोण खरं हळहळतंय आणि कोण बुंदीसाठी आलंय, हे मला चेहऱ्यावरून कळतं असा माझा समज आहे. तुमचा तो बिरश्या गावचा चुलतभाऊ ओसरीत उभ्या असलेल्या तुमच्या सायकलची घंटी दोनदा वाजवून गेला. पहिल्यांदा सहज वाजवली असेल. दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा मी उठलो, सायकलला कुलूप लावलं आणि किल्ली ताईच्या हातात दिली.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "आला आमचा शंकासुर." हे नाव तुम्हीच मला ठेवलं. ताईचं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. पुढे शिकायला म्हणून मला बालाघाटला तुमच्या घरी आणलं, आणि मॅट्रिक होईपर्यंत मी तुमच्याच चुलीवरचं खाल्लं. दुधात पाणी आहे का हे मी बोट बुडवून पाहायचो. तुम्ही गावाला जातो म्हणालात तर तिकीट कुठलं काढलं हे विचारायचो. मास्तर व्हावं असं ताईला वाटायचं. तुम्ही म्हणालात, "याले नाक्यावर ठेवा. दुसऱ्याच्या पोत्यात काय हाय हे याले झोपेतबी दिसते." आणि खरंच, राजेगावच्या नाक्यावरच्या नोकरीचा अर्ज तुम्हीच लिहून दिलात. त्याच नाक्यावर मी तुमचं काय केलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण सगळं माहीत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सायकलपासूनच सुरुवात करतो, कारण माझा पहिला संशय सायकलवरच होता.

तुम्ही तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होता. राइस मिलमध्ये काट्यावर बसायचा, म्हणजे लोखंडी पाटाच्या त्या मोठ्या वजनकाट्यावर दिवसभर धानाची आणि तांदळाची पोती तोलायचा. मिलमधल्या हमालांचा एक खेळ होता. दर सोमवारी सकाळी, पहिलं पोतं चढण्याआधी, ते तुम्हालाच काट्यावर उभं करायचे. एकशे दोन किलो. तांदळाच्या भरल्या पोत्याहून दोन किलो जास्त. हमाल म्हणायचे, "मुनीमजी, आपको उठाने की मजूरी अलग लगेगी." तुम्ही हसायचा आणि तुमच्याबरोबर तुमचं पोटही हसायचं. आपल्याकडे पोट सुटलेल्या माणसाला कोणी नावं ठेवत नाही. खात्यापित्या घरचा आहे म्हणतात.

आणि एक दिवस ताईचा निरोप आला, की भाऊजी सायकल घेऊन राह्यले, सोबत ये. मी तिथल्या तिथे निरोप्याला विचारलं, कशाला? त्याला काय माहीत. ताईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यायले वाटते, घेऊन राह्यले. तुले काहून पाह्यजे?" ताई माझ्याशी असं कधी बोलत नाही. तेव्हाच मी ओळखलं की इथं काहीतरी आहे.

दुकानातला तो दिवस आठवतो का? दुकानदार सिंधी होता. त्यानं तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सरळ लेडीज सायकल पुढे केली. "सेठ, इसमें डंडा नहीं है, टांग नहीं उठानी पड़ेगी." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण तुमचा चेहरा असा उतरला की मला हसू आवरेना, आणि मी हसलो. तुम्ही तिकडे पाठ फिरवलीत आणि कोपऱ्यातली डबल दांड्याची सायकल दाखवलीत. दूधवाले चार चार कॅन लटकवतात ती. म्हणालात, "जड मानसाले जड सायकलच पाह्यजे." मी म्हटलं, भाऊजी, उलटं आहे, जड माणसानं हलकी घ्यावी, नाहीतर दोघांचं ओझं तुम्हीच ओढाल. आपला हा वाद त्या दुकानात सुरू झाला आणि कधी संपलाच नाही. मी सायकल उलटी करून चाकं फिरवली, तारा एकेक करून वाजवून पाहिल्या, रिम रंगवलेली जुनी तर नाही म्हणून नखानं खरवडलं. हबमधले छर्रे पूर्ण आहेत का हे पाहायला दुकानदाराला हब उघडायला लावलं. तो वैतागून म्हणाला, "बाबूजी, सायकल ले रहे हो या लड़की देख रहे हो?" तुम्ही म्हणालात, "हा पोरगी पाहाले गेला तं तिचे दात मोजन." तरी सायकल तुम्ही तीच घेतलीत, डबल दांड्याची.

आठ-दहा दिवस तुम्ही मिलच्या आवारात भिंतीला धरून शिकलात. गुडघे फुटले. धोतर चेनमध्ये अडकून फाटलं, मग पायजमा शिवून घेतलात. हे सगळं मला इतरांकडून कळत होतं, कारण मी राजेगावला होतो, आणि जे कळत होतं त्याच्यावर माझा विश्वास बसत नव्हता. शेहेचाळिशीत माणूस पहाटे उठून सायकलवर कुठं जातो? मिल तर घरापासून हाकेच्या अंतरावर. मी मनातल्या मनात यादी केली. त्या यादीत एक बाई होती. आता तुम्ही नाही म्हणून सांगतो. एका सुटीत मी बालाघाटला आलो आणि पहाटे भाड्यानं सायकल घेऊन तुमच्या मागं निघालो.

तुम्ही वैनगंगेच्या पुलापर्यंत गेलात. पुलावर उतरलात, सायकल कठड्याला लावली आणि दोन्ही हातांनी कठडा धरून उभे राहिलात. तुमची पाठ भात्यासारखी वरखाली होत होती. बाई नव्हती, कोणीच नव्हतं. खाली वाळूत दोन म्हशी होत्या. मी झाडामागे थांबलो होतो. तुम्ही मागे न पाहता म्हणालात, "ये शंकासुरा. लपून काहून येऊन राह्यला? सोबत ये ना." मी आलो. तुम्ही मला काही विचारलं नाही, रागावलाही नाहीत. परत येताना म्हणालात, रोज येत जा, तुझंही पोट सुटून राह्यलं. मी म्हटलं पाहू. तेव्हा तुम्ही खरं सांगितलं असतं, मी सरळ विचारलं असतं तर. पण मला सरळ विचारता येत नाही. मी माग काढतो.

खरं मला पुढे कळलं ते हे, की तुमच्या लघवीत साखर निघाली होती. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, भात कमी करा, गोड बंद करा आणि रोज पुलापर्यंत सायकल चालवा. हे फक्त ताईला माहीत होतं. मंदाचं लग्न जमवायचं होतं आणि बापाला रोग आहे म्हटल्यावर पोरीला कोण विचारतं? म्हणून हे घराबाहेर न्यायचं नाही असं तुम्ही दोघांनी ठरवलं. घराबाहेर म्हणजे माझ्यापर्यंत. त्याचं मला वाईट वाटत नाही, वाटलं तरी बोलायला तोंड नाही. माझ्या प्रश्नांनी मीच गावभर केलं असतं.

वजन उतरू लागलं. दर सोमवारी हमाल काट्यावरची वजनं कमी करत गेले. शंभरच्या खाली आलात तेव्हा त्यांनी पेढे मागितले आणि तुम्ही दिलेत, स्वतः खाल्ला नाहीत. नव्वद झालं. पंच्याऐंशी झालं. तेव्हा तुम्ही ती दूधवाल्याची सायकल विकून दुसरी घेतलीत, बावीस इंची, हलकी, डायनॅमोवाली, मी पहिल्याच दिवशी सांगितली होती तशी. मी म्हटलं, पाहा, शेवटी हलकीच घेतली ना. तुम्ही म्हणालात, "जड होतो तवा जड घेतली, हलका झालो तं हलकी घेतली. मीच बरोबर हाय."

पण लोकांना काही हे बरं वाटलं नाही. बाजारात तुम्हाला कोणी भेटलं की पहिला प्रश्न, काय झालं हो? ताईला बायका म्हणायच्या, काहून वं, जेवाले देत नाही काय नवऱ्याले? टीबी असं कोणी म्हटलं, कोणी करणी म्हटलं. आणि नेमकं त्याच वेळी मंदाचं गोंदियाचं स्थळ पुढं सरकलं. त्या लोकांनी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी पाहिलं होतं, एकशे दोन किलोचं. आता बोलणी पक्की करायला तुम्ही जाणार ते अठ्ठ्याहत्तर किलोचे. जुना कोट अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. तेव्हा ताईनं जे केलं ते आपल्याच घरात होऊ शकतं. तिनं तिचं जुनं हिरवं लुगडं घडी करून तुमच्या पोटाभोवती गुंडाळलं, वरून घट्ट गाठ मारली, त्यावर सदरा आणि कोट घातला, आणि तुम्ही पुन्हा खात्यापित्या घरचे झालात. तशाच थाटात रविवारी सकाळी गोंदियाला सायकलनं निघालात.

आता माझ्या बाजूनं पाहा. आधी एकच प्रांत होता. मग गोंदिया तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, आणि मधली वाघनदी दोन राज्यांची सरहद्द झाली. त्या काळात इकडचा तांदूळ तिकडे न्यायला बंदी होती. नाक्यावर माझं काम तेच. पोत्यात टोकदार परखी खुपसून आत काय आहे ते काढायचं, टोपल्या उलथायच्या, बैलगाडीच्या तळाशी हात घालायचा. पण खरा तांदूळ जायचा तो माणसांच्या पोटावर. कापडाच्या लांब पिशव्या शिवून कंबरेला बांधायचे आणि वरून सैल सदरा. अशा माणसाची ओळख मला पाठ होती. तोंड बारीक आणि पोट मोठं. सायकलवर ताठ बसतो, हँडलवर वाकत नाही. थंडीतही घाम येतो. आणि नाका जवळ आला की उगाच खाली उतरून चालू लागतो.

तुम्ही उतरून चालत येत होता. पौष महिना होता आणि तुमच्या कपाळावर घाम होता.

मी काय विचार केला तो लिहितो. मनात आलं, राइस मिलचा माणूस. पहाटेची सायकल. आता कळलं. दोन वर्षं मी त्या सायकलच्या संशयानं वेडा झालो होतो आणि उत्तर असं माझ्यासमोर चालत आलं. मला वाईट वाटलं नाही, भाऊजी. मला आनंद झाला. अखेर कोडं सुटलं असा. मी पुढे झालो आणि म्हटलं, "भाऊजी, कोट काढा." तुम्ही हळूच म्हणालात, "वसंता, आज नोको. परत येतो तवा सांगतो." नाक्यावर असंच सगळे म्हणतात. तीन-चार ट्रकवाले होते, चहावाला होता, आमचा चपराशी होता, गोंदियाकडची माणसं उतरवून एक बस उभी होती. मी सर्वांसमोर तुमच्या कोटाची बटणं काढली आणि सदरा वर केला. घरच्या जावयाचा. गाठ सुटली आणि लुगडं उलगडत रस्त्यावर आलं. मी ते ताईच्या अंगावर कितीतरी वेळा पाहिलं होतं.

आधी कोणालाच काही कळलं नाही. मग चहावाला हसला, आमचा चपराशी हसला, मग ट्रकवाले, मग बसमधल्या बायकाही. तुम्ही लुगडं गोळा केलंत, त्याची माती झटकलीत, घडी करून कॅरिअरला लावलंत आणि आलात तसे बालाघाटकडे वळलात. मी तुम्हाला हाकही मारली नाही. बसमध्ये त्या स्थळाकडचा कोणीतरी होता. आठ दिवसांत निरोप आला, की मुलीच्या वडिलांना नेमकं काय झालंय ते कळवावं. मग तेवढाही निरोप आला नाही. पुढं मंदाला लामत्यात दिलं, तिचं चांगलं झालं, तिला दोन लेकरं आहेत. तुम्ही म्हणायचा, बरंच झालं, गोंदियाच्या त्या पोराचे कान मोठे होते. पण तुम्ही ते माझ्यासाठी म्हणायचा की खरंच, हे मला कधी कळलं नाही.

घरी मी सांगितलं, की त्या दिवशी नाक्यावर वरचे साहेब आले होते, त्यांनीच सांगितलं, माझा नाइलाज होता. ताईनं ते मानलं. आई-बाबांनी मानलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, नोकरी म्हटली की असंच. भाऊजी, साहेब आले होते हे खरं. पण ते आत बसून चहा पीत होते. त्यांनी मान वरही केली नव्हती. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी तुम्ही परत आलात. बालाघाटहून पंधरा-सोळा मैल सायकल मारून, नाक्यासमोर उतरलात, स्टँड लावलं, दोन्ही हातांनी सदरा छातीपर्यंत वर केला आणि म्हणालात, "घ्या साहेब. तपासा." तुमचं पोट आत गेलेलं होतं, कातडी सैल पडली होती. चहावाला पुन्हा हसला. मी खाली पाहून "जा" म्हटलं. तुम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलात, मग सदरा सोडलात, पलीकडे जाऊन एक बिनसाखरेचा चहा प्यालात आणि परत गेलात. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. त्याच्याही पुढच्या. पावसाळा, थंडी, उन्हाळा. सहा वर्षं. बंदी पुढे ढिली पडली, नाक्यावर तपासण्यासारखं फारसं राहिलं नाही, तरी तुम्ही थांबायचा आणि सदरा वर करायचा. लोक हसायचे थांबले, त्यांना सवय झाली. मलाच झाली नाही. एकदा मी रविवारची रजा टाकली, तर चपराश्यानं सांगितलं, तुमचे जीजाजी आले होते, तुम्ही नाही म्हटल्यावर तसेच गेले, सदरा वर केलाच नाही. तेव्हा माझी खात्री झाली, हे माझ्यासाठीच आहे. मला वाटलं, हा माणूस माझा सूड घेतोय, हसत हसत, हप्त्याहप्त्यानं. कधी वाटायचं, नाही, थट्टा आहे, तुम्ही ते विसरून गेलात म्हणून थट्टा करता. सहा वर्षं मी तुमचा चेहरा वाचत राहिलो. आणि दर वेळी "जा" म्हणत राहिलो.

शेवटच्या रविवारीही मी तेच म्हटलं. दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी तुम्ही पुलापर्यंत जाऊन आलात, सायकल ओसरीत लावलीत, ताईकडे पाणी मागितलंत. ती लोटा घेऊन आली तोपर्यंत तुम्ही गेला होता.

मी दहाव्याच्या आधीच गोंदियाला डॉक्टरकडे गेलो. लोक सायकलला दोष देत होते आणि मला खातरजमा करायची होती. डॉक्टर म्हणाले, "सायकल नसती तर तुमचे भाऊजी केव्हाच गेले असते. ही आठ वर्षं त्यांना सायकलनं दिली." मला हायसं वाटलं. मग मी विचारलं, रविवारी राजेगावला यायचे, एवढं लांब, तेही तुम्हीच सांगितलं होतं का? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "राजेगाव? मी पुलापर्यंतच सांगितलं होतं. त्यापुढे जाऊ नका असंच सांगितलं होतं. त्यांचं हृदय काही ठीक नव्हतं." मी विचारलं, मग त्या राजेगावच्या फेऱ्यांनीच गेले का? ते म्हणाले, असं कोणी सांगू शकत नाही. डॉक्टर खरं बोलत होते की माझ्याकडे पाहून बोलत होते, हे मला ठरवता आलं नाही.

म्हणून परवा तेरवीची माणसं गेल्यावर मी ताईला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा सरळ विचारलं. ती परातीतली उरलेली बुंदी डब्यात भरत होती. मी म्हटलं, ताई, भाऊजी नाक्यावर सदरा वर करायचे ते रागानं का थट्टेनं?

तिचा हात थांबला. "तुले सहा वर्सं समजलंच नाही काय रे?" ती म्हणाली. "थे तुह्यासाठी थांबत. म्हनत, वसंताच्या मनात हाय, पन त्याले बोलता येत नाही. आपनच समोर उभं राह्यलो तं बोलन. येवढंच बोलन, का भाऊजी, चुकलं माहं. तेवढं झालं का मी जानं बंद करतो. दर आयतवारी घरी आले का मी विचारू, बोलला काय? थे म्हनत, नाही. पुढच्या आयतवारी बोलन."

मी तिला म्हटलं, तू मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "त्यायनं शपथ घातली होती. सांगून बोलाले लावलं तं त्यात काय हाय?" आणि ती पुन्हा बुंदी भरू लागली. ती रडत नव्हती, म्हणून मला ते खरं वाटलं.

भाऊजी, लोक म्हणतात तुम्हाला सायकलनं खाल्लं. मी आता कोणालाच काही म्हणत नाही. तीस मैल येणं-जाणं, वर हृदय असं, आणि हे सगळं माझ्या एका वाक्यासाठी. ते वाक्य मी पहिल्याच रविवारी म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या रविवारपासून घरी बसला असता. मंदाची लेकरं खेळवली असती. आणि तुमच्यासारखा माणूस मला पुन्हा भेटायचा नाही, जो माझ्यावर इतका विश्वास टाकून सहा वर्षं उभा राहिला. मी तर तुमच्या सायकलच्या छर्ऱ्यांवरही विश्वास ठेवला नव्हता.

काल आयतवार होता. मी नाक्यावर गेलो. तुमच्या वेळेला, साडेनऊच्या सुमाराला, बाहेर येऊन रस्त्याच्या मध्ये उभा राहिलो. चहावाला होता, चपराशी होता, दोन ट्रक उभे होते. चारचौघांत तुमची इज्जत उतरवली होती, म्हणून म्हणायचं तेही चारचौघांतच म्हणायला हवं. मी मोठ्यानं म्हटलं, "भाऊजी, चुकलं माझं. साहेबांनी सांगितलं नव्हतं. मीच केलं."

चपराशी पुढे आला आणि म्हणाला, "किससे बोल रहे हो बाबूजी?" मी म्हटलं, जीजाजींशी. त्यानं बालाघाटकडच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्या दिवशी हसलेल्यांपैकी तो आणि चहावाला, दोघंही तिथं होते. काल कोणी हसलं नाही. तुम्ही ऐकलंत की नाही, याची मात्र मला खात्री करून घेता येत नाही.